घरच्या घरी सूर्य: दोन पुस्तकं, दोन मुलं आणि आपला लातूर पॅटर्न

(नांदेड आणि लातूर इथल्या व्याख्यानांचं एकत्रित शब्दांकन)



विषयाचं नाव वाचून काही जण प्रयोग बघायला मिळेल म्हणून आले असतील. त्यांना आधीच सांगून टाकतो: आज टेबलावर यंत्र नाही, दोन पुस्तकं आहेत. एक टॉम क्लाइन्स यांचं ‘द बॉय हू प्लेड विथ फ्यूजन’, २०१५ सालचं. दुसरं केन सिल्व्हरस्टीन यांचं ‘द रेडिओअॅक्टिव्ह बॉय स्काउट’, २००४ सालचं. दोन्ही अमेरिकेतल्या खऱ्या मुलांबद्दल आहेत. दोन्ही मुलं अणूच्या नादी लागली. एकाचं कौतुक व्हाइट हाउसपर्यंत गेलं, दुसऱ्याच्या आईच्या घरामागची शेड सरकारला मोडून पुरावी लागली. ही पुस्तकं नांदेड-लातुरात बसून का वाचायची, हा आजचा प्रश्न. दर वर्षी हजारो लेकरं ‘हुशार’ म्हणून निवडून एका शहरात आणून बसवणारे आपण लोक आहोत. हुशार लेकराचं पुढं काय करायचं, हा प्रश्न आपल्याइतका कुणाला पडायला हवा?

पण पुस्तकांआधी यंत्र समजून घेऊ. त्याशिवाय टीका करण्यात अर्थ नाही.

अणूचं विखंडन आणि संमीलन यांत आपल्याकडं कायम गल्लत होते. विखंडन म्हणजे युरेनियमसारखा जड अणू फोडणं. तारापूरला चालतं ते. संमीलन म्हणजे हलके अणू एकत्र आणणं. सूर्यात चालतं ते. घरगुती मंडळी जे यंत्र बनवतात त्याचं नाव ‘फ्यूजर’. ते फायलो फार्न्सवर्थ यांचं. हा शेतकरी घरातला मुलगा. नांगरलेल्या शेतातली तासं बघून, चित्र असंच ओळीओळीनं पाठवता येईल हे त्याला चौदाव्या वर्षी सुचलं, असं सांगतात. १९२७ मध्ये त्यानं इलेक्ट्रॉनिक दूरचित्रवाणी चालवून दाखवली. उतारवयात संमीलनाकडं वळला आणि १९६६ मध्ये फ्यूजरचं पेटंट मिळालं.

यंत्राची कल्पना सोपी आहे. स्टेनलेस स्टीलचं एक गोल भांडं घ्यायचं, त्यातली हवा काढून टाकायची. मध्यभागी तारेचा छोटा पिंजरा. मग ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, अगदी थोडा आत सोडायचा. हवेच्या दाबाच्या लाखाव्या भागाच्या आसपास. पिंजऱ्याला उणे ३० हजार व्होल्ट दिले, की धनभारित ड्यूटेरियम चहूबाजूंनी मध्याकडं धावतो. बहुतेक कण एकमेकांना चुकवतात किंवा तारेवर आपटतात. काही थोडे एकमेकांवर असे आदळतात की जुळतात. जुळले तर निम्म्या वेळा हीलियम-३ आणि एक न्यूट्रॉन बाहेर पडतो, निम्म्या वेळा ट्रिटियम आणि प्रोटॉन. मध्ये जांभळट तारा चमकतो. फोटो छान येतो.

आता हिशेब करू, कारण बातमीत तो कधीच नसतो. ३० हजार व्होल्ट आणि १० मिलिअँपियर म्हणजे ३०० वॅट वीज आत गेली. चांगल्या हौशी यंत्रातून सेकंदाला दहा लाख न्यूट्रॉन निघतात असं धरू. म्हणजे साधारण वीस लाख संमीलनं. ऐकायला प्रचंड वाटतं. पण त्यातून मिळणारी ऊर्जा भरते सुमारे एक मायक्रोवॅट, एका वॅटचा दहा लाखावा भाग. रुपयांत सांगायचं तर पंचवीस कोटी घातले आणि एक रुपया परत आला.

आणि ‘सूर्यापेक्षा जास्त तापमान’? ते खरं आहे. ३० हजार व्होल्टनं पळवलेल्या कणाची ऊर्जा तापमानात मोजली तर ३५ कोटी अंशांच्या घरात जाते; सूर्याचा गाभा दीड कोटी अंशांचा. पण दिवाळीत फुलबाजीची ठिणगी हातावर पडते, ती हजार अंशांच्या वर असते, तरी हात भाजत नाही. तापमान मोठं, उष्णता चिमूटभर. तसंच हे. ‘मुलानं घरात सूर्य बनवला’ असं लिहिणाऱ्यानं ठिणगीला वणवा म्हटलेलं असतं.

मग हे यंत्र फुसकं का? अजिबात नाही. ते वीज देत नाही, पण खरे न्यूट्रॉन देतं, आणि न्यूट्रॉन खरंच आले हे सिद्ध करणं ही फार कठीण परीक्षा आहे. जगभरच्या हौशी लोकांची इथली शिस्त आम्हाला फार आवडते. जांभळा फोटो पुरावा म्हणून चालत नाही. नुसत्या हवेवरही तो उजेड मिळतो. न्यूट्रॉन मोजून दाखवा, मगच नाव घेऊ, असा त्यांचा दंडक. बरीच पुढं गेलेली मंडळी काय करतात? यंत्राशेजारी चांदी ठेवतात. न्यूट्रॉन शोषून चांदी थोडा वेळ किरणोत्सारी होते. तिचा एक भाग २४ सेकंदांत निम्मा होतो, दुसरा साधारण अडीच मिनिटांत. या घटत्या आकड्यांचा आलेख जुळला, तर वाद संपला. चांदी खोटं बोलत नाही. आपल्याकडं मुलांच्या ‘शोधां’च्या बातम्या येतात, पेट्रोलशिवाय चालणारी गाडी वगैरे, तिथं ही चांदी कोण ठेवतं?

आता पुस्तकांकडं.

क्लाइन्स यांचा नायक टेलर विल्सन. आर्कान्सा राज्यातल्या टेक्सारकानाचा. वडिलांचा कोकाकोला बाटल्यांत भरण्याचा कारखाना. पोराला पाचव्या वर्षी बांधकामाचं वेड, तर वडिलांनी वाढदिवसाला खरी क्रेन दारात आणून उभी केली. पुढं रॉकेटचं वेड, मग किरणोत्सारी खनिजांचं; संग्रह आजीच्या गॅरेजमध्ये. आजीला कर्करोग झाला, तेव्हा उपचारासाठी लागणारी समस्थानिकं स्वस्तात बनवायची, असं त्याच्या डोक्यात बसलं. गावातली शाळा पुरेना, म्हणून कुटुंब नेवाडातल्या रेनो शहरात गेलं. तिथं असाधारण मुलांसाठी डेव्हिडसन अकॅडमी नावाची विनाशुल्क शाळा आहे, विद्यापीठाच्या आवारात. २००८ मध्ये, चौदाव्या वर्षी, टेलरच्या यंत्रातून न्यूट्रॉन निघाले.

पुस्तक वाचनीय आहे. विज्ञान सोपं करताना क्लाइन्स ते पातळ करत नाहीत. मुलाचा हट्टीपणा, आईबापांची भीती, धाकट्या भावाच्या वाट्याला आलेलं कमी लक्ष, हे झाकत नाहीत. पण एक गोष्ट ते दाखवतात आणि तिची किंमत मोजत नाहीत. ‘घरी’ बनवलेल्या या यंत्राचं घर कोणतं? नेवाडा विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाची जमिनीखालची प्रयोगशाळा. तिथं रॉन फॅनेफ नावाचे प्राध्यापक आणि बिल ब्रिन्समीड नावाचे तंत्रज्ञ होते. पोरगं घरी हे करून बसेल, जिवाला मुकेल, त्यापेक्षा आमच्या डोळ्यांसमोर करू दे, असा तो मामला होता. ब्रिन्समीड यांनी विद्यार्थ्याला भंगारातून उपयोगी वस्तू ओळखायला शिकवलं, हत्यार धरायला शिकवलं आणि थांबायला शिकवलं. आमच्या मते पुस्तकाचा खरा नायक तो तंत्रज्ञ आहे. मुखपृष्ठावर मात्र फ्यूजनशी ‘खेळणारा मुलगा’ एकटाच.

क्लाइन्स यांचा पालकांना सल्ला असा की मुलाच्या ओढीमागं जा, त्याला अडवू नका. सल्ला चांगला आहे. पण पुस्तकभर हा मनाच्या मोठेपणाचा प्रश्न म्हणून येतो. क्रेन आणायला मन मोठं लागतं, आणि क्रेनवाला ओळखीचाही लागतो. त्या घराकडं पैसा होता, गॅरेज होतं, गाव सोडायची ऐपत होती. २०१८ मध्ये मेम्फिसच्या एका बारा वर्षांच्या मुलानं खरोखर स्वतःच्या घरात फ्यूजर चालवला. खर्च आठ ते दहा हजार डॉलर आल्याचं तेव्हा छापून आलं. वर पुन्हा ‘जिद्द असेल तर सगळं शक्य’ हे वाक्य. सोयाबीनचा भाव पडला की पोराची मेस बंद करणाऱ्या बापाला हे वाक्य ऐकवायला आमची जीभ धजत नाही.

दुसरं पुस्तक. मिशिगनचा डेव्हिड हान. संमीलन नव्हे, त्याला किरणोत्सारी पदार्थांतून अणुभट्टीच बनवायची होती. आईवडील विभक्त. धुराची सूचना देणाऱ्या यंत्रांतून त्यानं अमेरिसियम काढलं, आणि थोरियम कशातून? गॅसबत्तीच्या मेंटलमधून. तुमच्यापैकी वयानं मोठ्या मंडळींनी लग्नाच्या वरातीत पेट्रोमॅक्स डोक्यावर घेतलेली माणसं पाहिली असतील. त्या पांढऱ्या जाळीत थोरियम असायचं. उजेड प्रखर पडतो म्हणून. हाननं अशा मेंटल गोळा केल्या. आणि माहिती मिळवायला सरकारी कार्यालयांना, कंपन्यांना पत्रं लिहिली, स्वतःला प्राध्यापक म्हणवून. उत्तरं आली! १९९४ मध्ये पोलिसांनी त्याला योगायोगानं हटकलं. १९९५ च्या जूनमध्ये सरकारनं शेड मोडून, पिंपांत भरून, युटामध्ये नेऊन पुरली. हान २०१६ मध्ये गेला, एकोणचाळिसाव्या वर्षी.

सिल्व्हरस्टीन पत्रकार चांगले आहेत, कागद न् कागद शोधला आहे. पण सूर कुठं कुठं थट्टेचा लागतो: बघा, हे वेडं पोर. आम्हाला हसू येत नाही. सतरा वर्षांचा मुलगा खोट्या ओळखीनं का होईना, इतके नेमके प्रश्न विचारतो, आणि पत्रापलीकडं एकही मोठा माणूस त्याला भेटत नाही. त्याच्या घरात गेलेली पत्रं होती, ब्रिन्समीड नव्हता.

गंमत अशी की टेलर विल्सननं लहानपणी हे पुस्तक वाचलं होतं. म्हणजे दोन्ही पुस्तकं एका धाग्यानं बांधलेली आहेत. दोन्ही मुलांत हुशारीचा फरक शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. फरक आजूबाजूच्या मोठ्या माणसांचा आहे. दोन्ही लेखकांकडं हा निष्कर्ष काढायला लागणारी सगळी सामग्री आहे, आणि दोघंही तो ठळकपणे काढत नाहीत, कारण एकट्या मुलाची गोष्ट जास्त खपते.

आता आपल्या दारात येऊ.

विल्सन कुटुंब शाळेसाठी गाव सोडून गेलं, याचं अमेरिकेत नवल वाटलं. आपल्याला वाटत नाही. अकरावी-बारावीसाठी लातुरात खोली करून राहणारी आई आपण रोज बघतो. गावाकडं बाप शेती सांभाळतो, इकडं आई दहा बाय बाराच्या खोलीत पोळ्या लाटते, पोरगी पहाटे चारला उठते. त्यागात आपली माणसं रेनोच्या कुटुंबापेक्षा तसूभर कमी नाहीत. उलट, ऐपतीच्या मानानं कितीतरी पुढं. लातूर पॅटर्नची टिंगल करायची आता फॅशन आहे. आम्ही ती करणार नाही. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत मुंबई-पुण्याची नावं असायची, तिथं औसा, निलंगा, अहमदपूरची नावं या पॅटर्ननं आणली. ज्या घरात डॉक्टर कधी आला नव्हता, त्या घरात डॉक्टर झाला. हे लहान काम नव्हे.

पण त्यागाच्या दुसऱ्या टोकाला काय आहे, हे विचारावं लागेल. रेनोला घर हलवलं, तर टोकाला एक प्रयोगशाळा होती आणि हात काळे असलेला एक तंत्रज्ञ. लातूरला किंवा नांदेडला घर हलवलं, तर टोकाला प्रश्नसंच आहे. चार पर्याय, एक गोळा. ज्या प्रश्नाचं उत्तर कुणालाच ठाऊक नाही, असा प्रश्न दोन वर्षांत मुलापुढं एकदाही येत नाही. प्रात्यक्षिकाचे गुण सगळ्यांना जवळपास पूर्ण मिळतात, आणि वही एकमेकांची उतरवून पूर्ण होते. हे सगळ्यांना माहीत आहे. आपण हुशारी ओळखायला शिकलो, तिला कामाला लावायला शिकलो नाही.

कुणी म्हणेल, मराठवाड्यात कुठलं फ्यूजन आणि कुठलं काय! तर ऐका. नांदेडहून दीड-दोन तासांवर, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथच्या परिसरात लायगो-इंडिया उभी राहते आहे. गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा. २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता, २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं सुमारे २६०० कोटी रुपयांना अंतिम मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आणि आत हवेच्या दाबाचा सुमारे एक लाख कोटीवा भाग. इतकं निर्वात. आणि हे निर्वात तयार करण्याची जबाबदारी कुणावर आहे? गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेवर. ही भारताची संमीलनाची संस्था. १९८९ मध्ये ‘आदित्य’ हे देशातच रचलेलं आणि बांधलेलं पहिलं टोकामॅक यंत्र तिनंच चालू केलं. फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या ‘इटर’ प्रकल्पात भारताचा मोठा वाटा म्हणजे त्याचं क्रायोस्टॅट, सुमारे तीस मीटर उंचीचं निर्वात भांडं, हजीऱ्याला बनलं.

धागा लक्षात आला? मेम्फिसच्या मुलाची खोली, गांधीनगरची संस्था, औंढ्याच्या नळ्या, सगळीकडं पहिली अडचण एकच: गळती. निर्वात भांड्यात बोटाचा ठसा राहिला तरी त्यातून वाफ सुटत राहते. वेल्डिंगच्या सांध्यात केसाएवढी फट राहिली तर महिनाभराचं काम वाया. लायगोच्या नळ्या तर आतलं पाणी जावं म्हणून आठवडेच्या आठवडे तापवाव्या लागतात. हे ज्ञान पाठ करून येत नाही, हातात यावं लागतं. ते हात लातूर-नांदेडमध्ये नाहीत असं कोण म्हणतं? एसी-फ्रीज दुरुस्त करणाऱ्याकडं निर्वात पंप असतो. फ्यूजर बनवणारे पहिल्या टप्प्याला तसलाच पंप वापरतात. लातुरात रेल्वे डब्यांचा कारखाना आहे, २०२० च्या डिसेंबरात तिथं पहिला सांगाडा तयार झाला. पत्र्याला पत्रा जोडणारी माणसं तिथं आहेत. नांदेडला १९८१ पासून अभियांत्रिकीची नामांकित संस्था आहे, १९९४ पासून विद्यापीठ आहे. फक्त एसीवाला, वेल्डर, प्राध्यापक आणि बारावीचं लेकरू एका टेबलाभोवती कधी बसत नाहीत. जातीनं, शिक्षणानं, ‘हात काळे होतील’ या भीतीनं आपण त्यांना वेगळं ठेवलं आहे. टीका करायची तर ती इथं करायची.

होमी भाभा १९५५ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेचे अध्यक्ष होते. दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा काबूत येईल, असं भाकीत त्यांनी तिथं केलं. सत्तर वर्षं झाली. २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेत लेझरच्या २.०५ मेगाज्यूल ऊर्जेतून ३.१५ मेगाज्यूल निघाली खरी, पण ते लेझर चालवायला त्याच्या कितीतरी पट वीज लागली होती. भाभांचं भाकीत चुकलं, म्हणून त्यांनी उभारलेल्या संस्था चुकल्या का? नाही. भाकितं चुकतात, तोवर घडलेली माणसं शिल्लक राहतात. गोष्ट सांगताना आपण भाकिताची सांगतो, माणसं घडवल्याची सांगत नाही. दोन्ही पुस्तकांबद्दल आमची तक्रार थोडक्यात हीच आहे.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न: मग मुलांनी घरी फ्यूजर करावा की नाही?

घरी करू नये, स्पष्टच सांगतो. ३० हजार व्होल्ट दुसरी संधी देत नाहीत. त्या व्होल्टवर क्ष-किरण तयार होतात आणि बघायच्या काचेतून बाहेर येतात. दाताचा एक्स-रे ६०-७० किलोव्होल्टवर निघतो, त्यावरून अंदाज घ्या. न्यूट्रॉन वेगळेच. ड्यूटेरियम आपल्याकडं सरकारी नियंत्रणातला पदार्थ आहे, आणि किरणं सोडणारं यंत्र चालवायला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. हे काम संस्थेत, जाणत्या माणसासमोरच व्हावं. घरी मेघपेटी करा: काचेचं भांडं, आयसोप्रोपिल अल्कोहोल, खाली थंडावा द्यायला कोरडा बर्फ. अवकाशातून येणाऱ्या कणांच्या पांढऱ्या रेषा डोळ्यांनी दिसतात. तरी मोठं माणूस शेजारी हवं; अल्कोहोल पेट घेतं आणि कोरडा बर्फ हात भाजतो.

प्रश्न: लायगोमध्ये आमच्या मुलांना नोकऱ्या लागतील का?

हा प्रश्न नांदेडलाही आला, लातूरलाही आला. पहारेकऱ्याच्या आणि माळ्याच्या जागा लागतीलच, त्यासाठी काही करावं लागणार नाही. निर्वात यंत्रणेवर काम करणारा माणूस मात्र निर्वातावर काम केलेलाच लागेल. वेधशाळा अजून उभी राहायची आहे. आज अकरावीत असलेल्या मुलीला तेवढा वेळ आहे. तिच्या कॉलेजात एक पंप, एक दाबमापक आणि एक स्टीलचं भांडं घेऊन गळती शोधायला बसवणारा माणूस आहे का, एवढंच आपण पालक म्हणून विचारायचं. पुढच्या पालकसभेत निकालाची टक्केवारी विचारून झाली, की हेही विचारा.